युद्ध चालू असताना रिकामी जागा कशी भरायची? ब्रिटनच्या पोटनिवडणुका, १९३९ ते १९४५

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सार्वत्रिक निवडणूक पुढे ढकलली, पण पोटनिवडणुका मात्र घेत राहिला. त्या प्रत्यक्षात कशा पार पडत? मतदान तीस-चाळीस टक्क्यांवर का घसरलं? आणि सरकारी उमेदवार पडला, तर तो चर्चिलविरोधी कौल मानायचा का?

शेवटच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच कागदावर सापडतात. तो कागद म्हणजे मतदारयादी. या काळातल्या निकालांवर जे चुकीचं लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं यादी न बघता टक्केवारी बघितल्यामुळे लिहिलं जातं. पण यादीकडे जाण्याआधी जागा रिकामी कशी होई आणि कोण उभं राहू शके, हे समजायला हवं.

नोव्हेंबर १९३५ मध्ये निवडून आलेल्या संसदेची मुदत पाच वर्षांची होती. १९४० पासून १९४४ पर्यंत दरवर्षी एक कायदा करून ती एकेका वर्षाने वाढवली गेली आणि अखेर जून १९४५ मध्ये ती विसर्जित झाली. स्थानिक संस्थांच्या निवडणुका १९३९ च्याच एका तात्पुरत्या कायद्याने थांबवल्या होत्या. लोकसभागृहाची म्हणजे कॉमन्सची जागा मात्र तशी थांबवता येत नव्हती. तिथे नेमणुकीने सदस्य आणायची सोय नाही. जागा भरायची तर निवडणूकच. त्यामुळे युद्धाच्या सहा वर्षांत शंभरावर पोटनिवडणुका झाल्या. त्यातल्या पुष्कळ बिनविरोध झाल्या.

जागा रिकामी होण्याची कारणं शांततेतलीच होती: मृत्यू, उमरावपद (उमरावाला कॉमन्समध्ये बसता येत नसे), न्यायाधीशपदासारखी नेमणूक किंवा राजीनामा. ब्रिटिश खासदाराला सरळ राजीनामा देता येत नाही. चिल्टर्न हंड्रेड्स किंवा नॉर्थस्टेड मॅनर या नावापुरत्या उरलेल्या पदांपैकी एक तो अर्थमंत्र्यांकडे मागतो. ते राजाच्या सेवेतलं पद असल्यामुळे त्याची जागा आपोआप जाते. युद्धाने यात दोन अडचणी वाढवल्या.

पहिली बेपत्ता खासदाराची. मृत्यूची खात्री झाल्याशिवाय जागा रिकामी धरता येत नाही. बर्मिंगहॅमच्या किंग्ज नॉर्टनचे खासदार रोनाल्ड कार्टलंड मे १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीत मारले गेले. त्यांच्या जागेवरची पोटनिवडणूक झाली मे १९४१ मध्ये. जवळजवळ वर्षभर त्या मतदारसंघाला प्रतिनिधी नव्हता.

दुसरी अडचण जागा असूनही माणूस नसण्याची. सैन्यात दाखल झालेल्या खासदाराची जागा जाऊ नये म्हणून १९३९ मध्येच कायदा झाला. १९४१ च्या आणखी एका तात्पुरत्या कायद्याने सरकारी कामावर पाठवलेल्या सदस्यांनाही तसंच संरक्षण मिळालं. सर सॅम्युएल होर १९४० पासून माद्रिदला राजदूत होते आणि १९४४ पर्यंत चेल्सीचे खासदारही होते. चेल्सीची पोटनिवडणूक झाली ती त्यांना उमरावपद मिळाल्यावर. पीबल्सचे खासदार कॅप्टन आर्चिबाल्ड रॅमसे यांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणाऱ्या युद्धकालीन नियम १८-बी खाली ते मे १९४० ते सप्टेंबर १९४४ पर्यंत स्थानबद्ध होते. पण खटला नाही, शिक्षा नाही, म्हणून अपात्रताही नाही. पीबल्सच्या मतदारांना चार वर्षं ना खासदार मिळाला, ना पोटनिवडणूक. किती पोटनिवडणुका झाल्या हे मोजताना, कुठे व्हायला हवी होती आणि झाली नाही, हेही मोजायला हवं.

आता पक्षांचा तह. सप्टेंबर १९३९ मध्ये हुजूर, मजूर आणि उदारमतवादी या तिन्ही पक्षांच्या मुख्य प्रतोदांनी एक करार केला. जागा ज्या पक्षाकडे होती त्याने उमेदवार द्यायचा, बाकीच्या दोघांनी त्याच्याविरुद्ध द्यायचा नाही. याबद्दल तीन गैरसमज सारखे भेटतात. हा कायदा नव्हता, नुसता पक्षापक्षांतला शब्द होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं आणि दहा मतदारांच्या सह्या आणणाऱ्या कुणाचाही अर्ज त्याला घ्यावाच लागे. दुसरं, हा करार म्हणजे संयुक्त सरकार नव्हे. संयुक्त सरकार आलं मे १९४० मध्ये. त्याआधीचे आठ महिने मजूर पक्ष विरोधी बाकांवर बसून हा करार पाळत होता. तिसरं, तो फक्त त्या तिघांना बांधून होता. कम्युनिस्ट, इंडिपेंडंट लेबर पार्टी, स्कॉटिश राष्ट्रवादी, फॅसिस्ट आणि अपक्ष सगळे मोकळे होते.

या कराराचा खरा परिणाम मतदान केंद्रावर झाला नाही, उमेदवार निवडीच्या खोलीत झाला. जागा राखणाऱ्या पक्षाच्या स्थानिक समितीने ज्याचं नाव पुढे केलं तो बहुतेक ठिकाणी खासदारच झाला. समिती म्हणजे काही मोजकी माणसं. संकटाच्या काळात सरकारला याचा उपयोगही झाला. अर्नेस्ट बेव्हिन मे १९४० मध्ये मंत्री झाले तेव्हा ते खासदार नव्हते. वॉन्ड्सवर्थ सेंट्रलच्या मजूर खासदारांना उमरावपद देऊन जागा मोकळी केली गेली आणि जूनमध्ये बेव्हिन बिनविरोध निवडून आले. फ्रान्स कोसळत असताना ही सोय नसती, तर कामगार खात्याचा मंत्री प्रचारात अडकला असता. पण हीच सोय दोन-तीन वर्षांनी पक्षांना महाग पडली. त्याकडे पुढे येतो.

जागा रिकामी झाली की पुढचा क्रम असा. जागा ज्या पक्षाची, त्याचा मुख्य प्रतोद सभागृहात नवी रिट, म्हणजे निवडणूक घेण्याचा हुकूम, काढण्याचा प्रस्ताव मांडतो. तो मंजूर झाला की सभापती क्लार्क ऑफ द क्राउन या अधिकाऱ्याला आज्ञापत्र देतो. क्लार्क रिट काढून मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवतो. रिट हातात पडली की अर्ज भरण्याची आणि मतदानाची मुदत धावू लागते. मात्र प्रस्ताव कधी मांडायचा याला कायद्याची मुदत नव्हती. सगळी किल्ली तिथेच आहे. आपला उमेदवार तयार असेल आणि समोरच्याला तयारीला वेळ द्यायचा नसेल, तर प्रतोद घाई करतो. घरात भांडण असेल, तर थांबतो. एखाद्या पोटनिवडणुकीचा अभ्यास करताना जागा रिकामी झाल्याची तारीख आणि रिटची तारीख शेजारी शेजारी लिहा. त्या दोहोंमधलं अंतर पुष्कळ काही सांगून जातं.

अर्जाला एक सूचक, एक अनुमोदक आणि आठ संमतीदार अशा दहा सह्या लागत. दहाही जण त्याच मतदारसंघाच्या यादीतले असले पाहिजेत. युद्धात इथे पहिला फटका बसे. उमेदवाराचा उत्साही पाठीराखा कारखान्याजवळ नव्याने राहायला आलेला असे आणि यादीत त्याचं नाव नसे. उलट तीन वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेल्या माणसाचं नाव यादीत असे, आणि त्याची सही चाले. म्हणून जाणता एजंट, म्हणजे उमेदवाराचं निवडणुकीचं काम बघणारा माणूस, सह्या गोळा करण्याआधी यादीतला अनुक्रमांक पडताळून घेई आणि दहाच सह्यांवर विसंबून न राहता दुसरा पूर्ण भरलेला अर्जही खिशात ठेवी.

अनामत रक्कम १५० पौंड होती आणि एकूण मतांच्या एक अष्टमांश मतं न मिळाल्यास ती जप्त होई. फेब्रुवारी १९४० मध्ये लंडनच्या सिल्व्हरटाउनमध्ये मजूर उमेदवाराला १४,३४३, कम्युनिस्ट हॅरी पॉलिट यांना ९६६ आणि फॅसिस्ट उमेदवाराला १५१ मतं पडली. बेरीज १५,४६०, म्हणजे अनामत वाचवायला १,९३३ मतं हवी होती. दोघांचीही गेली. २२ मे १९४० ला मिडलटन अँड प्रेस्टविचमध्ये फॅसिस्ट उमेदवाराला ४१८ आणि हुजूर उमेदवाराला ३२,०३६ मतं पडली. दुसऱ्याच दिवशी फॅसिस्टांचे नेते मोस्ली यांना अटक झाली. युद्धाच्या पहिल्या वर्षात कराराबाहेरून उभं राहणारे बहुतेक युद्धविरोधी होते, आणि मतदारांनी त्यांना जवळ केलं नाही. १९४२ नंतर चित्र उलटलं ते उमेदवारांचा प्रकार बदलल्यामुळे.

आता यादी. १९३९ च्या उन्हाळ्यात कोण कुठे राहत होतं यावरून केलेली यादी त्या शरदात लागू झाली आणि तिथेच गोठली. ज्या कायद्याने स्थानिक निवडणुका थांबवल्या, त्यानेच नवी यादी करण्याचं कामही थांबवलं. कारण पटण्याजोगं होतं. घरोघरी फिरायला माणसं नव्हती आणि माणसं घरी नव्हती. पण परिणाम वर्षागणिक साचत गेला. मताधिकाराचं वय २१ होतं. गोठलेल्या यादीत १९३९ नंतर एकविसावं गाठलेला एकही जण नाही. म्हणजे जानेवारी १९४४ मध्ये मत देऊ शकणारा सर्वांत तरुण मतदारसुद्धा पंचविशी ओलांडलेला होता. बॉम्बफेकी विमानं चालवणारी, खाणीत उतरणारी, दारूगोळा भरणारी तरुण पिढी यादीबाहेर होती. त्यात स्थलांतराची भर. युद्धकाळात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख नागरिकांमागे पत्ता बदलल्याच्या जवळजवळ ६ कोटी नोंदी झाल्या.

टक्केवारी कशी फसवते ते एका कल्पित मतदारसंघावरून पाहू. यादीत ५०,००० नावं आहेत. त्यातले ३,००० वारले, ९,००० सैन्यात बाहेर आहेत, ८,००० बॉम्बमुळे, स्थलांतरामुळे किंवा युद्धकामासाठी दूर गेले. गावात असलेले आणि यादीतही असलेले उरले ३०,०००. मतं पडली १८,०००. जाहीर टक्केवारी येते ३६. प्रत्यक्ष मत देऊ शकणाऱ्यांपैकी मात्र ६० टक्के लोक आले आहेत. याच गावात ६,००० नवे रहिवासी आणि नुकतेच २१ पूर्ण केलेले ४,००० आहेत, ज्यांना मतच नाही. गावात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांच्या मानाने मोजलं तर ४० हजारांत १८ हजार, म्हणजे ४५ टक्के. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘लोक उदासीन होते’ असं म्हणायचं असेल तर दुसरा आकडा लागतो, आणि तो छापील निकालात कुठेच नसतो.

खर्चाच्या मर्यादेवरही याचा विचित्र परिणाम झाला. मर्यादा यादीतल्या नावामागे ठरे. शहरी मतदारसंघात ५ पेनी, ग्रामीण मतदारसंघात ६. वरच्या ५०,००० नावांना ग्रामीण दराने ३,००,००० पेनी, म्हणजे १,२५० पौंड. पण प्रत्यक्ष पोचायचं ३०,००० माणसांपर्यंत. म्हणजे हाताशी असलेल्या मतदारामागे कायद्याने १० पेनी खर्च करायला मुभा. तरी पैसा खरी अडचण नव्हताच. कागद नियंत्रित, पेट्रोल मोजून, सभागृहं सरकारने ताब्यात घेतलेली. पैसे असून वस्तू मिळत नाहीत अशी स्थिती होती. प्रत्येक उमेदवाराला यादीतल्या प्रत्येक मतदाराला दोन औंसांपर्यंतचं एक पत्रक फुकट टपालाने पाठवण्याचा हक्क होता. जुन्या यादीवर ते पाठवणं म्हणजे पडलेल्या घरांच्या आणि उठून गेलेल्या कुटुंबांच्या पत्त्यांवर तुटपुंजा कागद उधळणं. शहाण्या एजंटचा क्रम उलटा असे. आधी स्वयंसेवकांनी गल्लीगल्लीत फिरून कोण उरलं आहे याच्या खुणा यादीवर करायच्या, मग पाकिटं भरायची. ज्याची अशी खूण केलेली यादी पक्की, त्याचं निम्मं काम झालेलं.

हे फिरणंही सोपं नव्हतं. १९४० च्या उन्हाळ्यात शत्रूच्या छत्रीधारी सैनिकांना उपयोग होऊ नये म्हणून रस्त्यांवरचे दिशाफलक आणि गावांची नावं काढून टाकली होती. बाहेरून आलेला प्रचारक खेड्यापाड्यांत हमखास चुके. मोठ्या पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते वाटा ओळखून होते. पण करारामुळे त्यातले अर्धे हात बांधून बसलेले, आणि उरलेल्यांतले तरुण सैन्यात. पक्षांची मतदारसंघांतली यंत्रणा युद्धभर गंजत गेली, असं माझं ठाम मत आहे. अपक्ष जिंकले त्याला त्यांच्या वक्तृत्वाइतकंच हे कारण आहे.

मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाला सर्वांत मोठी धास्ती दुसऱ्याच्या नावावर मत पडण्याची. यादीत हजारो मेलेल्यांची आणि दूर गेलेल्यांची नावं, आणि शेजारीपाजारी पांगल्यामुळे चेहरा ओळखणारं कुणी नाही. कायद्याने त्याच्या हाती दोन ठरलेले प्रश्न दिले होते: यादीतली अमुक व्यक्ती आपणच का, आणि या निवडणुकीत आपण आधी मत दिलं आहे का. खऱ्या मतदाराच्या नावावर आधीच मत पडलेलं निघालं, तर त्याला वेगळ्या रंगाची मतपत्रिका मिळे. ती पेटीत न टाकता बाजूला ठेवली जाई आणि मोजणीत धरली जात नसे.

कमी मतदानाचं खापर ब्लॅकआउटवर, म्हणजे हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री पाळलेल्या सक्तीच्या अंधारावर, फोडण्याची सवय आहे. तपासून पाहा. स्किप्टनची पोटनिवडणूक ७ जानेवारी १९४४ ला झाली. यॉर्कशरचा डोंगराळ मुलूख, ऐन हिवाळा, आणि घड्याळं तेव्हा हिवाळ्यातही ग्रिनिचच्या एक तास पुढे. सूर्य उगवे सकाळी नऊनंतर आणि मावळे संध्याकाळी पाचच्या सुमारास. तरी मतदान झालं ५५ टक्क्यांच्या आसपास. मॉल्डनची झाली २५ जून १९४२ ला. दुहेरी उन्हाळी वेळेमुळे, म्हणजे घड्याळं दोन तास पुढे असल्यामुळे, रात्री दहापर्यंत उजेड होता. मतदान मात्र ४४ टक्क्यांच्या आसपास. अंधाराचा काच होता, पण निर्णायक गोष्टी दोन होत्या. एक, लढत खरी आहे असं मतदाराला वाटतं का. दोन, त्या भागात यादी किती कुजली आहे. ब्रिस्टल सेंट्रल हा शहराच्या मध्यावरचा, बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेला मतदारसंघ. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिथे जेनी ली यांच्यासारख्या नामवंत वक्त्या रिंगणात असूनही मतदान सुमारे ३३ टक्केच झालं. यादीतल्या कित्येक घरांच्या जागी नुसते ढिगारे होते.

एक लहानसा अपवाद इथेच सांगतो. विद्यापीठांच्या जागांना मतदार म्हणजे पदवीधर. तिथे राहण्याच्या पत्त्याशी मताधिकाराचा संबंध नव्हता आणि मतदान टपालाने होई. फेब्रुवारी १९४० मध्ये नोबेल विजेते शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल केंब्रिज विद्यापीठातून असेच निवडून आले. यादी माणसाबरोबर चालते की घराला चिकटून राहते, हा फरक तिथे स्पष्ट दिसतो.

आता सरकारी उमेदवारांचे पराभव. १९४२ च्या सुरुवातीला सिंगापूर पडलं होतं. २५ मार्चला ग्रँथममध्ये डेनिस केंडल या अपक्षाने एअर चीफ मार्शल सर आर्थर लाँगमोर यांना ३६७ मतांनी हरवलं. केंडल गावातल्याच तोफा बनवणाऱ्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. त्यांचा मुद्दा युद्ध थांबवा असा नव्हता, उत्पादन वाढवा असा होता. २९ एप्रिलला एकाच दिवशी रग्बीमध्ये कामगार पुढारी डब्ल्यू. जे. ब्राउन ६७९ मतांनी आणि वॉलसीमध्ये जॉर्ज रीक्स असे दोन अपक्ष निवडून आले. उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक २१ जूनला पडलं आणि चारच दिवसांनी मॉल्डनमध्ये पत्रकार टॉम ड्रायबर्ग ५,९९३ मतांनी जिंकले. बातमीची तारीख आणि मतदानाची तारीख इतकी जवळ असली की तिचा हात दिसतोच. पण टोब्रुक पडण्याआधी ग्रँथम, रग्बी आणि वॉलसी गेलेच होते, हे विसरू नये.

कारण करारातच दडलेलं होतं. हुजूर पक्षाच्या जागेवर मजूर उमेदवार उभा राहणार नाही, म्हणून मजूर पक्षाच्या मतदाराला दोनच पर्याय उरत: ज्याला आयुष्यभर विरोध केला त्याला मत द्या, नाहीतर घरी बसा. चर्चिल यांना पाठिंबा आणि हुजूर पक्षाला विरोध, या दोन्ही भावना एकाच मतदाराच्या मनात सुखाने नांदत होत्या. जो उमेदवार म्हणाला, ‘मी चर्चिल यांच्याच बाजूचा, पण या पक्षाचा नाही’, त्याने ती अडचण सोडवली. मे १९४२ च्या मजूर पक्षाच्या अधिवेशनात हा करार जेमतेम मताधिक्याने तगला, यावरून कार्यकर्त्यांची घुसमट कळते. त्याच उन्हाळ्यात रिचर्ड अ‍ॅक्लंड आणि जे. बी. प्रीस्टली यांनी कॉमन वेल्थ पक्ष काढला. हुजूर पक्षाच्या जागा लढवायच्या, ही त्यांची चाल होती. एप्रिल १९४३ मध्ये एडिसबरीत हवाई दलातले जॉन लव्हरसीड ४८६ मतांनी आणि जानेवारी १९४४ मध्ये स्किप्टनमध्ये ह्यू लॉसन २२१ मतांनी आले. स्किप्टनमध्ये तिसऱ्या, अपक्ष मजूर उमेदवाराने तीन हजारांवर मतं घेतली होती. तो नसता तर हे अंतर किती झालं असतं याचा अंदाज तुम्हीच बांधा.

सर्वांत शिकण्यासारखी पोटनिवडणूक १७ फेब्रुवारी १९४४ ची, वेस्ट डर्बीशरची. ही डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याची परंपरागत जागा. मावळते खासदार घराण्याचे जावई, नवे उमेदवार ड्यूकचे थोरले चिरंजीव मार्क्वेस ऑफ हार्टिंग्टन. जागा मोकळी होताच निवड आणि रिट दोन्ही झपाट्याने झाली आणि त्या घाईचाच प्रचारात मुद्दा झाला. समोर चार्ल्स व्हाइट. त्यांचे वडील याच मतदारसंघाचे खासदार होते. करारामुळे मजूर पक्षातून बाहेर पडून ते अपक्ष मजूर म्हणून उभे राहिले. ते ४,५६१ मतांनी जिंकले आणि जुन्या यादीवर मतदान झालं ६५ टक्क्यांच्या आसपास. पाच वर्षांची शिळी यादी असताना एवढा आकडा म्हणजे, जो कुणी चालत केंद्रावर येऊ शकत होता त्यातला बहुतेक प्रत्येक जण आला. उमेदवार समितीच्या खोलीत ठरला आहे आणि आपल्याला फक्त शिक्का मारायला बोलावलं आहे, ही भावना किती तीव्र होती ते या आकड्यात दिसतं.

या काळात यादी दुरुस्त करायचं कुणाला सुचलं नाही असं नाही. पहिल्या महायुद्धातही हाच आजार झाला होता. तेव्हाही पक्षांचा करार, गोठलेली यादी आणि घर सोडल्यामुळे मत गमावून बसलेले सैनिक. त्यातूनच पुढे सभापतींची परिषद आणि १९१८ चा मोठा कायदा आला. दुसऱ्या वेळी रजिस्ट्रार जनरल सिल्व्हेनस व्हिव्हियन यांच्या समितीने डिसेंबर १९४२ मध्ये अहवाल दिला. त्यातली मुख्य सूचना फार व्यवहारी होती. २९ सप्टेंबर १९३९ ला देशभर राष्ट्रीय नोंदणी झाली होती आणि तिच्यावर ओळखपत्रं आणि रेशनपुस्तकं चालत होती. घर बदललं की माणूस मतासाठी नोंद करायला जाईलच असं नाही, पण लोणी-साखरेसाठी जातोच. म्हणून ही नोंदच मतदारयादीचा पाया करा. १९४३ च्या कायद्याने ते मान्य केलं. प्रत्येक निवडणुकीसाठी त्या वेळची यादी तयार करायची, आणि तिचे तीन भाग: राहत्या नागरिकांचा, सैनिकांचा आणि व्यवसायाच्या जागांचा. सैनिकाने स्वतः अर्ज भरून द्यायचा आणि हवं तर आपल्या वतीने मत देणारा माणूस नेमायचा. कायदा झाला तरी माहितीची जुळवाजुळव, छपाई आणि कारकून उभे करण्यात वेळ गेला. १९४४ च्या सुरुवातीला स्किप्टन आणि वेस्ट डर्बीशर जुन्याच यादीवर लढले गेले. सैनिकांनी अर्ज भरणं हा यातला कच्चा दुवा होता. १९४५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सैनिकांची सुमारे १७ लाख मतं पडली. ती दूरदूरच्या आघाड्यांवरून येईपर्यंत थांबायचं म्हणून ५ जुलैच्या मतदानाची मोजणी २६ जुलैला झाली.

तर या काळातला एखादा निकाल हाती आला की मी सुचवेन ते असं. आधी कोणत्या यादीवर मतदान झालं ते बघा. मग जागा कुणाची होती आणि करारामुळे कोणता पक्ष रिंगणाबाहेर राहिला ते. त्यानंतर रिटची तारीख, आणि मतदानाच्या आधीच्या पंधरवड्यातल्या आघाडीवरच्या बातम्या. टक्केवारीपेक्षा मतांची संख्या १९३५ च्या संख्येशी ताडा. हुजूर उमेदवाराची मतं किती घटली आणि त्यातली किती विरोधकाकडे दिसतात, हे वेगवेगळं मोजा. बहुतेक ठिकाणी पहिला आकडा दुसऱ्याहून बराच मोठा निघतो. म्हणजे मतं फिरण्यापेक्षा गळाली जास्त.

आणि विजयी उमेदवार पुढच्या निवडणुकीत टिकला का तेही बघा. १२ एप्रिल १९४५ ला मदरवेलमध्ये रॉबर्ट मॅकिंटायर यांनी मजूर उमेदवाराला ६१७ मतांनी हरवून स्कॉटिश राष्ट्रवादींना पहिली जागा मिळवून दिली. हुजूर पक्षाचा उमेदवार करारामुळे रिंगणात नव्हता. जुलैमध्ये तो आला आणि मॅकिंटायर पडले. त्याच एप्रिलच्या २६ तारखेला चेम्सफर्डमध्ये कॉमन वेल्थचे अर्नेस्ट मिलिंग्टन ६,४३१ मतांनी जिंकले. जुलैमध्येही त्यांनी ती जागा राखली.